हापूस, हार्ले आणि जुळणीचा कारखाना



आजचा विषय मोटारसायकलींचा आहे, पण मी गाड्यांचं परीक्षण करणार नाही. कुठली गाडी किती ॲव्हरेज देते, कुठली वळणावर कशी झुकते, हे इथल्या तरुण मंडळींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला बोलायचंय ते एका बातमीबद्दल. ही बातमी दर दोन-चार वर्षांनी आपल्या वर्तमानपत्रांत येते, फक्त कंपनीचं नाव बदलतं. 'अमुक जगप्रसिद्ध कंपनी भारतात कारखाना काढणार.' किंवा मग उलट बाजूने, 'आपली अमुक कंपनी ब्राझीलमध्ये कारखाना काढणार.' दोन्ही बातम्यांना आपण सारख्याच टाळ्या वाजवतो. टाळ्यांना माझी हरकत नाही. पण 'कारखाना' या शब्दाच्या पोटात नेमकं काय असतं, ते आधी बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

उदाहरण म्हणून मी हार्ले-डेव्हिडसन घेतो. कारण या गोष्टीची सुरुवात, मध्य आणि शेवट आपल्या डोळ्यांसमोर होऊन गेलाय. आणि दुसरं कारण असं, की ही गोष्ट सुरू होते आपल्या कोकणातल्या आंब्यापासून.

अमेरिकेने भारतीय आंब्याला १९८९ पासून जवळजवळ अठरा वर्षं दार बंद ठेवलं होतं. कारण दिलं जायचं किडीचं: फळमाशी आणि कोयीतला भुंगा. आणि आपल्याकडे हार्लेला दार बंद होतं. तिथे कारण दिलं जायचं धुराचं. दुचाकींचे आपले प्रदूषणाचे नियम लहान इंजिनांकडे बघून लिहिलेले, त्यात आठशे सीसीच्या वरचं धूड बसतच नव्हतं. मग २००७ च्या एप्रिलमध्ये सौदा झाला. आपण म्हटलं, आठशे सीसीच्या वरच्या गाड्यांना युरो-३ चं प्रमाणपत्र चालेल. अमेरिका म्हणाली, आंब्यावर विकिरण करा आणि पाठवा. ते विकिरण कुठे झालं? लासलगावला. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' नावाचं केंद्र तिथे आहे, ते मुळात कांद्यासाठी काढलेलं. तिथे हापूस आणि केशर जायला लागले, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याचा माणूस समोर उभा असल्याशिवाय पेटी हलायची नाही.

या सौद्याला वर्तमानपत्रांनी 'आंब्याच्या बदल्यात मोटारसायकल' असं गोड नाव दिलं. पण जरा नीट बघा. आंब्याला दार उघडलं, त्याबरोबर एक अट आली: प्रक्रिया तुमच्या खर्चाने, तुमच्या गावात, आमच्या माणसाच्या देखरेखीखाली. आणि हार्लेचं दार? तेही पूर्ण उघडलं नव्हतं. धुराची अडचण गेली, पण आयात शुल्क तसंच राहिलं. पूर्ण तयार गाडीवर साठ ते पंचाहत्तर टक्के मूळ शुल्क, वर बाकीचे कर. म्हणजे गाडी बंदरात उतरेपर्यंत तिची किंमत दुपटीवर जायची. आंबा गेला विमानाने, अमेरिकेत महाग झाला. हार्ले आली जहाजाने, इथे महाग झाली. दोन्हीकडच्या सामान्य माणसाच्या हातात काही पडलं नाही.

आता इथे जुळणीचा कारखाना येतो. शुल्काच्या तक्त्यात दोन वेगळ्या ओळी असतात. एक पूर्ण तयार गाडीची. दुसरी सुट्या भागांच्या संचाची, ज्याला धंद्यात 'सीकेडी' म्हणतात. दुसऱ्या ओळीतला दर पहिल्यापेक्षा पुष्कळच कमी. मग कंपनी काय करते? गाडी तिकडे बनवते, पूर्ण जोडत नाही, खोक्यांत भरते, इथे आणते आणि एका शेडमध्ये जोडते. हार्लेने २०११ मध्ये हरियाणात बावलला हेच केलं. जाहीर मात्र असं झालं, की हार्ले आता भारतात 'बनते'.

मंडळी, बनणं आणि जोडणं यात फरक आहे. बनवण्यासाठी डाय लागतो, साचा लागतो, फोर्जिंग लागतं, टूलरूम लागते, आजूबाजूला पन्नास व्हेंडर लागतात. जोडण्यासाठी शेड लागते, जिग लागतात, टॉर्क रेंच लागतात आणि काळजीपूर्वक काम करणारी माणसं लागतात. जोडण्याचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही फिटरला विचारा, चुकीच्या क्रमाने आवळलेला बोल्ट काय करतो ते. पण जोडणाऱ्या कारखान्याचं एक वैशिष्ट्य असतं: तो उचलून नेता येतो. ज्या कारणाने आला ते कारण संपलं, की तो जातो. बनवणारा कारखाना असा सहज हलत नाही, कारण त्याची मुळं आजूबाजूच्या लहान वर्कशॉपमध्ये गेलेली असतात.

आता हार्लेच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलतो, नाहीतर टीका एकतर्फी होईल. बावल कायम नुसती जुळणीची शेड राहिली नाही. २०१४ मध्ये स्ट्रीट ७५० आली. चार लाखांच्या थोडी वर किंमत. ती बावलमध्ये तयार व्हायची, इथले सुटे भाग वापरून, आणि परदेशातही जायची. अमेरिकेच्या बाजारासाठी मात्र तीच स्ट्रीट कॅन्सस सिटीला बनायची. म्हणजे बावल एक पायरी वर चढली होती, हे मान्य केलं पाहिजे. पण नकाशा कुणाचा? मिलवॉकीचा. इंजिनात काय बदलायचं, कुठलं मॉडेल बंद करायचं, हे ठरवणार कोण? मिलवॉकी. भारतीय रस्त्यावर, भारतीय उन्हात, ट्रॅफिकमध्ये गाडी पायाला किती तापते, यावरचं मत इथून तिकडे जायचं. निर्णय तिकडून इकडे यायचा. या प्रवासात वर्षं जातात.

आणि मग सप्टेंबर २०२०. कंपनीने जगभरातला पसारा आवरायचं ठरवलं, मोजक्या बाजारांवर लक्ष द्यायचं ठरवलं, आणि त्यात भारत बसला नाही. बावल बंद. कंपनीने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे दिलेल्या कागदात लिहिलं, की सुमारे सत्तर माणसं कमी होतील. सत्तर! म्हणजे बघा, ज्या कारखान्याबद्दल आपण दहा वर्षं अग्रलेख लिहिले, त्याच्या दारावर कुलूप लागलं तेव्हा कंपनीच्या हिशेबात सत्तर माणसं होती. डीलरकडचे मेकॅनिक, विक्रेते, हिशेबनीस या आकड्यात नाहीत. देशात तीसहून अधिक डीलर होते. त्यांनी मोक्याच्या जागी शोरूम घेतले होते, कंपनीच्या नमुन्याप्रमाणे फर्निचर केलं होतं, कर्जं काढली होती. त्यांच्याकडून गुंतवणूक करून घेताना 'दीर्घकालीन नातं' हा शब्द वापरला होता. निघताना तो शब्द कुणी वापरला नाही.

आपल्याकडे यावर जी टीका-टिप्पणी झाली, तिच्यावर मला बोलायचंय. कारण ती मला फार उथळ वाटली. एक गट म्हणाला, आपला ग्राहक मायलेज बघतो, त्याला हार्लेची किंमत कळली नाही. दुसरा म्हणाला, आयात शुल्काने हार्ले मारली. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प हेच २०१७ पासून सांगत होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये आपण शुल्क पन्नास टक्क्यांवर आणलं, तर ते म्हणाले, आम्हाला काहीच मिळालं नाही.

गंमत अशी, की एका अर्थाने ते बरोबर होतं. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक हार्ले तयार गाडी म्हणून येतच नव्हत्या. त्या बावलमध्ये जोडल्या किंवा बनवल्या जात होत्या. मग तयार गाडीवरचं शुल्क पंचाहत्तरचं पन्नास करून फरक पडणार तो मोजक्या, सर्वांत महागड्या गाड्यांना. म्हणजे दोन देशांचे प्रमुख ज्या आकड्यावरून जगासमोर भांडत होते, तो आकडा त्या कंपनीच्या इथल्या धंद्याला जवळजवळ लागूच नव्हता. हे सांगायला एखाद्या बातमीदाराने शुल्काचा तक्ता उघडून दुसरी ओळ वाचायला हवी होती. फार थोड्यांनी वाचली.

आणि 'ग्राहकाला किंमत कळली नाही' याचं उत्तर तर पुढच्या तीन वर्षांत मिळालं. हार्लेने हिरो मोटोकॉर्पशी करार केला. जुलै २०२३ मध्ये एक्स-४४० आली, दोन लाख एकोणतीस हजारांपासून. पहिल्या महिन्यातच पंचवीस हजारांहून जास्त बुकिंग झालं. बावलच्या शेवटच्या पूर्ण वर्षात कंपनीने अख्ख्या देशात अडीच हजारांहून कमी गाड्या विकल्या होत्या. ग्राहक तोच, नाव तेच. बदललं काय? गाडी इथल्या अभियंत्यांनी घडवली आणि ती राजस्थानात नीमराण्याला, इथल्या पुरवठ्याच्या साखळीवर उभी राहिली. म्हणजे जुळणीच्या शेडने जे दहा वर्षांत झालं नाही, ते घडवण्याचं काम इथल्या माणसाच्या हातात दिल्यावर तीन वर्षांत झालं. किंमत कमी आहे, इंजिन लहान आहे, हे खरंच. पण ती किंमत आणि ते इंजिन ठरवण्याचा अधिकारसुद्धा इथे आल्यामुळेच ते शक्य झालं.

आता जरा भारताबाहेर जाऊ. हार्लेने २०१८ मध्ये थायलंडला रायोंगमध्ये कारखाना सुरू केला. थायलंडचं अमेरिकी गाड्यांवरचं शुल्क होतं साठ टक्के. कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी उघडपणे सांगितलं, की ट्रान्स-पॅसिफिक व्यापार करारातून अमेरिका बाहेर पडली नसती, तर या कारखान्याची गरज पडली नसती. त्याच सुमारास कॅन्सस सिटीचा कारखाना बंद करायचं ठरलं, सुमारे आठशे नोकऱ्या. तिथल्या युनियनने थायलंडकडे बोट दाखवलं, कंपनीने घटलेल्या मागणीकडे. मग जून २०१८ मध्ये, अमेरिकेने पोलादावर कर लावला म्हणून युरोपीय संघाने उत्तरादाखल अमेरिकी मोटारसायकलींवरचं शुल्क सहा टक्क्यांवरून एकतीसवर नेलं. हार्लेने लगेच शेअर बाजार नियामकाला कळवलं, की युरोपसाठीच्या गाड्या आम्ही आता परदेशातल्या कारखान्यांतून पाठवू. हा कर टाळण्यासाठी.

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण पुढे खटला झाला. युरोपीय आयोग म्हणाला, थायलंडमधून आलेली गाडी आम्ही थाई मानणार नाही, ती अमेरिकीच. युरोपच्या नियमांत एक कलम आहे: जुळणी दुसऱ्या देशात हलवण्यामागचा मुख्य हेतू शुल्क टाळणं हाच असेल, तर ती हलवाहलव 'आर्थिकदृष्ट्या समर्थनीय' धरली जात नाही. हार्ले कोर्टात गेली. २०२३ मध्ये हरली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयातलं अपीलही फेटाळलं गेलं. पुरावा कुठला? कंपनीने स्वतः नियामकाला दिलेलं ते निवेदन! गुंतवणूकदारांना खूश करण्यासाठी जे खरं सांगितलं, तेच अंगाशी आलं.

मला या निकालात कायद्यापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. गाडी कुठली, हा प्रश्न न्यायालयाने शेडच्या पत्त्यावर सोडला नाही. ती शेड तिथे का गेली, हे विचारलं. आपणही हेच विचारायला हवं. बावल का आली? शुल्कासाठी. मग ती शुल्काच्या, किंवा मुख्यालयातल्या हिशेबाच्या, एका फटक्यात जाणार हे त्याच दिवशी लिहिलेलं होतं.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे शुल्क लावूच नये का? जुळणी येऊच देऊ नये का? नाही, माझं म्हणणं तसं नाही. कारण याच्या उलटं उदाहरणही आपल्याच देशात आहे, आणि ते रोज धडधडत तुमच्या घरासमोरून जातं. १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डने मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया ही कंपनी काढली. सुरुवात अगदी अशीच: बुलेटचे सुटे भाग बोटीने यायचे, मद्रासला जोडायचे. पण दोनच वर्षांत, १९५७ मध्ये, भाग बनवण्याची टूलिंग मद्रासला आली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बुलेट पूर्णपणे इथे बनायला लागली. सत्तरच्या आसपास इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली. मद्रास चालू राहिलं. आज तीच रॉयल एनफिल्ड अर्जेंटिना, कोलंबिया, थायलंड, ब्राझील इथे स्वतःच्या गाड्यांची जुळणी करते.

आपल्या पुण्याचंही असंच. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, १९७१ मध्ये करार संपला, आणि १९७२ मध्ये चेतक आली. करार संपला तेव्हा आकुर्डीला कुलूप लागलं नाही, कारण तोवर काम हातात बसलं होतं.

याचा अर्थ तो काळ सोन्याचा होता, असं मुळीच नाही. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. बुलेट कित्येक दशकं जवळजवळ होती तशीच राहिली, तेल गळणं हे तिचं लक्षण मानलं जायचं. स्पर्धा नसली की काय होतं, ते आपण भोगलंय. त्या धोरणाने ग्राहकाला छळलं. पण त्याने एक अट घातली होती, की आज जोडता तर उद्या बनवा. बावलला अशी अट कुणी घातली? शुल्काच्या दोन ओळींत फरक ठेवला आणि आपण म्हटलं, झालं, उद्योग येईल. त्या फरकामुळे शेड आली. ती बनवणारा कारखाना होईल की नाही, हे आपण तिच्या मालकावर सोडलं.

आता ज्यासाठी मी हा सगळा पाल्हाळ लावला, तिकडे येतो. आज आपण या खेळाच्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात मनाऊस नावाचं शहर आहे. समुद्रापासून दूर, दक्षिणेच्या मोठ्या शहरांपासून दूर. तरी ब्राझीलच्या जवळजवळ सगळ्या मोटारसायकली तिथेच बनतात, कारण १९६७ पासून तिथे करसवलत आहे. होंडा तिथे सत्तरच्या दशकात गेली, हार्ले १९९८ मध्ये, आणि २०२४ मध्ये आपली बजाज. नायजेरियात तर बजाजची बॉक्सर रस्त्यारस्त्यावर दिसते. तिच्यावर हजारो तरुण 'ओकाडा' चालवतात, म्हणजे दुचाकीवरची टॅक्सी. २०२० मध्ये आणि परत २०२२ मध्ये लागोस राज्याने शहराच्या मोठ्या भागात ओकाडावर बंदी आणली. त्यांच्या चलनाची किंमत घसरली. आपल्याकडच्या बातम्यांत हे आलं ते 'निर्यातीला फटका' या मथळ्याखाली. ओकाडावाल्याचं हप्त्यावरचं वाहन, तिथल्या जुळणी करणाऱ्या कामगाराचं काम, याबद्दल आपण एक ओळही वाचली नाही. बावलच्या डीलरबद्दल मिलवॉकीत एक ओळ छापून आली नाही म्हणून आपल्याला वाईट वाटलं होतं. मग लागोसबद्दल पुण्यात का येऊ नये?

आणि हा नुसता सद्भावनेचा मुद्दा नाही. चाकणचा यात थेट संबंध आहे. चाकणला केटीएम बनते, ट्रायम्फची स्पीड ४०० बनते. तिथे नुसती खोकी फोडून गाड्या जोडत नाहीत. चारशे सीसीची ही ट्रायम्फ इंग्लंडसकट जगभर जाते ती चाकणहून. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातली केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली, तेव्हा तिला वाचवायला पैसा गेला तो बजाजचा. इतकं अंतर आपण कापलंय. हे अंतर कापता आलं, कारण कधीतरी कुणीतरी जोडण्यावर समाधान मानलं नाही. मग आपण दुसऱ्यांच्या देशात जाऊन कायम जोडण्याचीच शेड ठेवणार असू, तर तिथलं सरकार एक दिवस तक्त्यातली ओळ बदलेल आणि आपलीही शेड उचलावी लागेल.

म्हणून पुढच्या वेळी ही बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. गाडीतले कुठले भाग तिथे बनणार आहेत, आणि पाच वर्षांनी कुठले? नकाशात बदल करायचा अधिकार कुणाकडे आहे? शोरूमचं, पुरवठ्याचं कर्ज कुणाच्या डोक्यावर आहे? आणि उद्या शुल्क शून्य झालं, तर हा कारखाना राहील का? फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मोठ्या गाड्यांवरचं आपलं शुल्क आणखी खाली आलंय, सोळाशे सीसीच्या वर तीस टक्के, खालच्यांना चाळीस. त्यामुळे हा चौथा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. जिथे जुळणीच्या शेड आहेत, तिथल्या कामगारांनी तो आजच विचारायला हवा.

कंपनीच्या पत्रकात या चार प्रश्नांची उत्तरं नसतात. पत्रकात असतो गुंतवणुकीचा आकडा, फीत कापतानाचा फोटो आणि 'कटिबद्ध' हा शब्द. पत्रक छापणं हे कंपनीचं काम आहे, त्याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही. आपण ते जसंच्या तसं बातमी म्हणून वाचतो, माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे.

इथे थांबतो. वेळ आहे, तेव्हा प्रश्न घेऊ. चाकण-भोसरीकडून आलेल्या मंडळींनी आधी बोलावं. जुळणी आणि निर्मितीतला फरक त्यांच्या हाताला ठाऊक आहे, मी तो फक्त शब्दांत सांगितला.